पणजोबांच्या युद्धपदकाचा माग कसा काढायचा: सातारा-सांगलीच्या घरांसाठी

जुन्या ट्रंकेत किंवा देव्हाऱ्यात युद्धातला बिल्ला सापडला की पहिल्या तासाभरातच तीन चुका होतात. कुणीतरी तो चिंच लावून चकचकीत करतं. कुणीतरी सोनाराकडं नेऊन चांदी किती भरेल ते विचारतं. आणि कुणीतरी मोबाईलवर आडनाव टाकून शोधतं, काही मिळत नाही, आणि ‘आपली नोंदच नाही’ म्हणून विषय मिटतो. कोरेगाव, कराड, वाळवा, तासगाव अशा तालुक्यांतल्या ओळखीच्या घरांत मी हे इतक्यांदा पाहिलंय की शेवटी क्रमानं लिहून काढायचं ठरवलं.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी वस्तू काय सांगते ते बघायचं, मग कागद, आणि घरात चालत आलेली गोष्ट शेवटी या दोन्हींशी ताडायची. बहुतेक घरांत हे उलटं होतं. गोष्ट खरी धरून तिला जुळेल असं नाव शोधलं जातं, आणि दुसऱ्याच कुणाचा तरी शिपाई आपला पणजोबा होऊन बसतो.

सुरुवातीची तयारी

हाताशी एवढं ठेवा: भिंग, छोटी टॉर्च, पातळ पांढरा कागद, मऊ शिशाची पेन्सिल, सुती हातमोजे, मिलिमीटरच्या खुणांची पट्टी (जाडी नेमकी मोजणारा व्हर्नियर कॅलिपर मिळाला तर उत्तम), मोबाईलचा कॅमेरा आणि एक नवी वही.

वहीच्या प्रत्येक पानावर तीन रकाने आखा: ‘पदकावर दिसतं ते’, ‘कागदावर आहे ते’, ‘घरचे सांगतात ते’. एका रकान्यातली माहिती दुसऱ्यात जाऊ द्यायची नाही. हा नियम पाळला तर निम्मे घोटाळे होतच नाहीत.

> सावध: ट्रंकेत पदकाबरोबर न फुटलेलं काडतूस, हातगोळा किंवा टोकाला फ्यूज असलेला तोफगोळा निघाला तर त्याला हात लावू नका, हलवू नका, घासू नका. खोलीतून सगळ्यांना बाहेर काढा आणि ११२ ला कळवा. शंभर वर्षांची दारूही उडते. संगीन किंवा तलवार निघाली तर शस्त्रकायद्याच्या दृष्टीनं काय करायचं ते आधी पोलीस ठाण्यात विचारा, मगच पुढं जा.

१. घरातलं बोलणं लिहून घ्या, पण त्यावर शोध सुरू करू नका

हे पहिल्याच दिवशी करा, कारण सांगणारी माणसं वयानं मोठी आहेत. घरातल्या बायकांना आधी विचारा. पणजीला पेन्शन कुठल्या गावच्या पोस्टातून यायची, मनिऑर्डर कोण वाचून दाखवायचं, बिल्ला कुणाच्या गळ्यात होता, हे त्यांच्याच लक्षात असतं.

प्रश्न नेमके ठेवा. बिल्ला कुणाकडून कुणाकडं आला? आजोळकडून तर आला नाही? (हा प्रश्न विसरला जातो, आणि मग वडिलांच्या आडनावानं वर्षानुवर्षं शोध चालतो.) गेलेला माणूस परत आला की नाही? पेन्शन त्याला मिळायची की त्याच्या मागं बायकोला? कुणाचा बिल्ला गहाण राहिला होता का?

बोललेले शब्द जसेच्या तसे लिहा. ‘जर्मनची लढाई’, ‘बसऱ्याला गेले’, ‘बरम्यात होते’ असं म्हणत असतील तर तसंच. बसरा हे इराकच्या मोहिमेत उतरायचं बंदर होतं. त्यामुळं ‘बसऱ्याला गेले’ यात कूत, बगदाद, तैग्रिसकाठ सगळंच येऊ शकतं. तुम्ही ते आपल्या मनानं ‘बसऱ्याच्या लढाईत लढले’ असं सुधारलंत तर एक धागा तुटला.

२. घासू नका

आमच्याच घरात दिवाळीच्या साफसफाईत एक कांस्यपदक चिंच आणि राखेनं घासलं गेलं. मागचं नाव तीन ओळींत होतं. त्यातली एक ओळ आज कुणालाच वाचता येत नाही. करणाऱ्या बाईंचा हेतू चांगलाच होता. पण तो काळपट थर म्हणजे घाण नव्हती, धातूचं कवच होतं, आणि त्याच्याबरोबर अक्षरांच्या कडाही गेल्या.

चिंच, लिंबू, पितांबरी, ब्रासो, टूथपेस्ट, खायचा सोडा यातलं काहीही लावू नका. दसऱ्याला शस्त्रांबरोबर बिल्ल्याची पूजा करायची पद्धत आपल्याकडं बऱ्याच घरांत आहे, त्यामुळं काठाशी तेल आणि कुंकवाचा घट्ट थर बसलेला असतो. तो मऊ, कोरड्या ब्रशनं हलके सोडवा. निघाला नाही तर लाकडी दातकोरणीचं टोक वापरा, सुई किंवा पिन नको. पुढच्या दसऱ्यापासून हळद-कुंकू पदकाच्या पेटीला लावा.

फीत धुवायची नाही, फाटलेली असली तरी काढायची नाही. फक्त लक्षात ठेवा की फिती बदलल्या जातात, म्हणून एकट्या फितीवरून काहीच ठरवायचं नाही.

> तपासा: पुढं जाण्याआधी समोरून, मागून आणि काठाचे फोटो काढून झाले का? टॉर्च एका बाजूनं, जवळजवळ आडवी धरा. समोरून पाडलेल्या उजेडात झिजलेली अक्षरं दिसत नाहीत, तिरक्या उजेडात उठून येतात.

३. हे पदक नेमकं कोणतं, ते ठरवा

आधी राजा बघा. पंचम जॉर्ज असेल तर १९३६ च्या आधीचं, सहावा जॉर्ज असेल तर नंतरचं. एवढ्यानं कुठलं महायुद्ध हा प्रश्न बहुतेक वेळा सुटतो.

पहिल्या महायुद्धातल्या आपल्याकडं सापडणाऱ्या वस्तू चार प्रकारच्या.

१९१४-१५ चा तारा: कांस्य, तीन टोकी, एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी, वर मुकुट, मागं कोऱ्या बाजूला नाव.

ब्रिटिश वॉर मेडल: चांदीचं, ३६ मिलिमीटर व्यासाचं, राजाचं डोकं आणि मागं घोड्यावरचा पुरुष. हेच पदक कांस्यातही मिळतं. मजूर आणि हमालांच्या तुकड्यांतल्या माणसांना कांस्याचं दिलं गेलं, त्यामुळं कांस्याचं निघालं म्हणून ते खोटं ठरत नाही.

व्हिक्टरी मेडल: कांस्य, पंख असलेली विजयदेवता, इंद्रधनुष्यासारखी फीत. नाव ऐकून घरोघरी त्याचा ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ होतो. व्हिक्टोरिया क्रॉस हा पराक्रमाचा सर्वोच्च सन्मान आहे. व्हिक्टरी मेडल युद्धक्षेत्रात सेवा केलेल्या लाखो माणसांना मिळालं. त्यात कमीपणा काहीच नाही, पण दोन्ही एक नव्हेत.

चौथी वस्तू पदक नाही. ती १२० मिलिमीटर व्यासाची जड कांस्य तबकडी, तिच्यावर सिंह आणि त्रिशूळ घेतलेली स्त्री. ती फक्त मरण पावलेल्यांच्या घरी आली. तिच्यावर नाव उठावात असतं, पण हुद्दा, नंबर, पलटण काहीच नसतं. सिंहाच्या पायाशी बारीक आकडा दिसला तर तो शिपायाचा नंबर समजू नका. तो कारखान्याचा आहे.

आता यातून निघणारा एक मोलाचा निष्कर्ष. १९१४-१५ चा तारा १९१५ संपायच्या आत युद्धक्षेत्रात पोचलेल्यांनाच मिळाला. ताऱ्याशिवाय फक्त वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल असेल, तर माणूस १९१६ पासून पुढं परदेशात गेला असण्याची शक्यता जास्त. इराकमधल्या कूत इथं ब्रिटिश-भारतीय फौजेला तुर्कांनी घातलेला वेढा डिसेंबर १९१५ मध्ये सुरू झाला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीत संपला. म्हणजे ‘पणजोबा कूतच्या वेढ्यात होते’ असं घरात सांगत असतील आणि तारा नसेल, तर एक तर तारा हरवलाय, नाहीतर पणजोबा वेढा फोडायला नंतर गेलेल्या फौजेत होते. दोन्ही शक्यता वहीत लिहा. निकाल आताच लावू नका.

दुसऱ्या महायुद्धाचे तारे सहा टोकी असतात आणि त्यावर आघाडीचं नाव असतं: आफ्रिका, इटली, बर्मा. त्यांच्या मुदतीही ठरलेल्या आहेत. आफ्रिकेचा तारा जून १९४० ते मे १९४३, इटलीचा जून १९४३ ते मे १९४५, बर्म्याचा डिसेंबर १९४१ ते सप्टेंबर १९४५. मागं भारताचा नकाशा असलेलं पदक म्हणजे इंडिया सर्व्हिस मेडल, ते भारतातल्या सेवेसाठी. तिरंग्याच्या काळातलं, १५ ऑगस्ट १९४७ ची तारीख असलेलं पदक महायुद्धाचं नसून स्वातंत्र्याच्या वेळी सैन्यात असलेल्यांना दिलेलं आहे.

४. काठावरची अक्षरं वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. गोल पदकाच्या काठावर आणि ताऱ्याच्या मागं शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण छापलेली असते. पहिल्या महायुद्धातली पदकं नाव घातलेलीच येत. दुसऱ्या महायुद्धातली भारतीयांना दिलेली पदकं बरीचशी नावाची असतात, पण कोरी निघाली म्हणून लगेच नकली ठरवू नका.

पद्धत अशी. ३६ मिलिमीटर व्यासाच्या पदकाचा घेर साधारण ११३ मिलिमीटर भरतो. बारा सेंटिमीटर लांब, एक सेंटिमीटर रुंद पातळ कागदाची पट्टी कापा. काठाभोवती घट्ट गुंडाळा, एका टोकाला चिकटपट्टी लावा, आणि पेन्सिल आडवी धरून हलके घासा. अक्षरं कागदावर उतरतात. डोळ्यांना न दिसणारी अक्षरंही बऱ्याचदा उतरतात. असे तीन ठसे घ्या. एका ठशात गेलेलं अक्षर दुसऱ्यात मिळतं.

मग जे दिसतं तेच लिहा. अर्ध अक्षर दिसत असेल तर त्या जागी टिंब द्या, ओळखीच्या आडनावानं ती जागा भरू नका. मी एकदा असं ‘जाधव’ भरलं होतं आणि सात महिने चुकीच्या माणसामागं होतो. मूळ नाव निघालं ‘जगताप’.

हुद्दे लघुरूपात असतात. सेप. म्हणजे सिपॉय, पायदळातला शिपाई. एन.के. नाईक, एल.एन.के. लान्स नाईक, हॅव. हवालदार, जेम. जमादार (आजचा नायब सुभेदार), सब. सुभेदार. डी.व्ही.आर. म्हणजे ड्रायव्हर, तोही बऱ्याचदा खेचर आणि घोड्यांचा. एफ.ओ.एल.एल. म्हणजे फॉलोअर: आचारी, भिस्ती, न्हावी, मोची. हे लोकही रणात होते, आणि त्यांच्या नोंदी शोधायला जास्त चिकाटी लागते.

> सावध: नंबर एकटा काही सिद्ध करत नाही. पहिल्या महायुद्धात प्रत्येक पलटण आपापले नंबर देत असे, त्यामुळं २३४५ हा नंबर अनेक पलटणींत सापडतो. नंबर आणि पलटण ही जोडी जुळली तरच माणूस जुळला.

> तपासा: काठ सगळीकडं सारखा जाड आहे का? एखाद्या भागात तो कमी भरत असेल किंवा सपाट वाटत असेल तर जुनं नाव घासून नवं घातलेलं असू शकतं. सोनारानं कडी किंवा आकडा जोडताना झाळण्यासाठी काठ घासला असेल तरी असंच दिसतं. आपल्या भागात चांदीची पदकं रुपयांच्या माळेत ओवल्याची उदाहरणं आहेत, म्हणून घाईनं फसवणुकीचा संशय घेऊ नका.

५. पलटणीचा आकडा उलगडा

काठावर ‘११०-मराठा’ किंवा ‘११७-मराठा’ असं काही असेल तर ते १९२२ च्या आधीचं नाव. १९२२ मध्ये सहा जुन्या पलटणी मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. १०३ वी तिची पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी. ११४ वी दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची बटालियन झाली. दुसऱ्या महायुद्धातल्या पदकावर ‘३-५’ असं दिसलं तर ‘पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन’ असं वाचा. त्या काळच्या इंग्रजीत ‘मराठा’ची अक्षरं एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए अशी होती. आजच्या स्पेलिंगनं शोधलंत तर पुष्कळ जागी काहीच सापडत नाही.

बटालियन कळली की आघाडी कळते. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही कूतमध्ये अडकलेल्या फौजेत होत्या. दुसऱ्या महायुद्धात तिसरी बटालियन १९४१ मध्ये इरिट्रियात केरेनला आणि पुढं इटलीत होती. दुसरी १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक जर्मन-इटालियन फौजेच्या हाती पडलं तेव्हा तिथं होती. चौथी मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला जपान्यांशी लढली. दुसऱ्या बटालियनचा शिपाई आणि घरातली गोष्ट ‘इटलीत कैदेत होते’ अशी असेल, तर ती गोष्ट नीट ऐकण्यासारखी आहे.

पण सातारा म्हणजे मराठा रेजिमेंटच, हे गृहीत धरू नका. आपल्या भागातली माणसं खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्समध्ये (लष्करी इंजिनिअर) होती, रसद-वाहतूक बघणाऱ्या सर्व्हिस कोअरमध्ये, बांधकामाच्या पायोनियर तुकड्यांत, नौदलात होती. १११ वी महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली. मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानही भरती होत, तेव्हा काठावर मुसलमान नाव दिसलं म्हणून ‘हे आपल्याकडचं नाही’ असं म्हणू नका.

६. नाव आणि गाव त्यांच्या स्पेलिंगमध्ये लिहा

भरतीच्या टेबलावर बसलेल्या कारकुनानं जसं ऐकलं तसं लिहिलं. आडनाव कधी आहे, कधी नाही. वडिलांचं नाव काठावर जवळपास नसतंच. म्हणून शोधण्याआधी आपल्या नावाची सगळी रूपं वहीत काढा.

शिंदे हे ‘सिंदे’ किंवा ‘सिंदिया’ होतं. पवारचं ‘पोवार’, जाधवचं ‘जाधो’, चव्हाणचं ‘चवान’ किंवा ‘चौहान’, मोहितेचं ‘मोहिता’, भोसलेचं ‘भोंसले’. ळ कुठंच टिकत नाही: साळुंखे ‘सालुंके’ होतात, काळे ‘काले’, बाळू ‘बालू’. ज्ञानूचे तर ‘ग्यानू’, ‘दन्यानू’, ‘दिनू’ असे तीन अवतार निघतात. विठ्ठलचा ‘विठू’ आणि ‘इठू’ होतो. राव, जी, बा हे शेवटचे प्रत्यय गळतात. पणजोबांना गावात रामराव म्हणत असतील, पण पदकावर ते ‘रामा’ असतील.

आता सांगलीकरांची सगळ्यात मोठी अडचण. त्या वेळी आजच्यासारखा सांगली जिल्हाच नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे सगळे सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये संस्थानं विलीन झाल्यावर उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. त्यामुळं इस्लामपूर किंवा विट्याच्या शिपायाची नोंद ‘सातारा’ अशी आहे. सांगली, मिरज, जत ही संस्थानं होती. तिथल्या माणसापुढं संस्थानाचं नाव असतं. आटपाडी औंध संस्थानात होती, तेव्हा आटपाडीच्या पणजोबांना ‘औंध’मध्ये शोधावं लागेल.

गावाचंही असंच. एकाच नावाची गावं भरपूर आहेत. निगडी आणि वडगाव किती ते आपल्याला माहीत आहे. तालुका जुळल्याशिवाय गाव जुळलं म्हणू नका. जावळी-पाटणची काही गावं कोयनेच्या पाण्याखाली गेली. तुमचं कुटुंब पुनर्वसनात दुसरीकडं आलं असेल तर जुन्या गावाचं नाव धरून शोधा.

७. मरण पावलेल्यांची नोंद आधी तपासा

युद्धातल्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी इंटरनेटवर मोफत आहे. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत मरण पावलेल्यांची नावं तिच्यात आहेत.

आधी नाव न टाकता फक्त सेवा क्रमांक टाका, आणि सैन्य म्हणून भारतीय निवडा. आलेल्या यादीत तुमची पलटण शोधा. यानं नाही जमलं तर अतिरिक्त माहितीच्या रकान्यात ‘सातारा’ आणि गावाचं नाव टाका. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा लिहिलेला असतो. नावावर सगळ्यात शेवटी या.

नोंदीत स्मारकाचं नाव असतं. बसरा स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त माणसांची नोंद आहे. फ्रान्समध्ये पडलेले न्यू शापेलच्या स्मारकावर सापडतात. पुण्याजवळ खडकीला जे स्मारक आहे, ते भारतात मरण पावलेल्या आणि कबरी राखता न आलेल्यांचं. तिथं नाव असेल तर पणजोबा परदेशात पडले ही घरातली समजूत तपासून बघावी लागेल.

> सावध: या यादीत नाव नाही म्हणजे माणूस सैन्यात नव्हता, असं नाही. जो जिवंत परत आला तो या यादीत नसणारच. पेन्शन त्याला स्वतःला मिळत होती असं घरात सांगत असतील तर ही पायरी पाच मिनिटांत उरका.

दुसरी एक गफलत वारंवार होते. पंजाबमधल्या सव्वातीन लाखांच्या आसपास सैनिकांची जुनी रजिस्टरं काही वर्षांपूर्वी इंटरनेटवर आली. बातमी वाचून आपल्याकडची माणसं त्यात साताऱ्याची गावं शोधत बसतात. ती रजिस्टरं फक्त पंजाबची आहेत.

लंडनमध्ये क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पदकांची कार्डं आहेत, पण भारतीय सैनिकांपैकी काहींचीच. पलटणींच्या युद्धातल्या रोजनिशी मात्र तिथं आहेत, आणि तुमचा शिपाई कुठल्या दिवशी कुठं होता ते त्यांतून कळू शकतं. पराक्रमाचं पदक असेल (भारतीयांसाठी इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल किंवा ऑर्डर ऑफ मेरिट) तर लंडन गॅझेटमध्येही (ब्रिटिश सरकारचं राजपत्र) शोधा, तेही मोफत आहे.

८. रेकॉर्ड ऑफिसला पत्र

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. काठावरची पलटण बघून पत्र त्या केंद्राच्या रेकॉर्ड ऑफिसला जातं. सातारा आणि सांगली दोन्हीकडं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. आधी तिथं जा, पत्र कसं आणि कुणाच्या नावानं पाठवायचं ते विचारा.

पत्रात भावना थोडी, माहिती जास्त. नंबर, हुद्दा, पदकावर आहे तसं नाव, पलटण, गाव, जुना तालुका आणि जिल्हा, तुमचं नातं, आणि एकच नेमकी विनंती. ‘सगळी माहिती द्या’ असं लिहिलेलं पत्र मागं पडतं. ‘भरतीची तारीख, वडिलांचं नाव आणि गाव एवढं कळावं’ असं लिहा. काठाच्या ठशाची झेरॉक्स आणि नात्याच्या कागदाची प्रत जोडा. मूळ पदक किंवा मूळ डिस्चार्ज बुक (सैन्यातून सुटल्याचं पुस्तक) कधीही पोस्टानं पाठवू नका.

दुसऱ्या महायुद्धातल्या पेन्शनरांच्या बाबतीत पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) नंबर सापडला तर काम फार सोपं होतं. पहिल्या महायुद्धासाठी अपेक्षा कमी ठेवून लिहा, पण लिहा.

> सावध: शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. ‘तपासून देतो, इकडं पाठवा’ असं परदेशातून कुणी म्हणालं तर फोटो पाठवा, पदक नाही.

९. गावातले कागद

पदकावरचा माणूस तुमच्याच घरातला आहे, हे लंडन किंवा बेळगाव सांगू शकत नाही. ते फक्त गावातला कागद सांगतो.

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं मागा. आपल्याकडं त्यांना कोतवाल बुक किंवा चौदा नंबर म्हणतात. जुन्या फेरफारात वारसाची नोंद असते: अमुक मयत, वारस बायको आणि मुलगा. मृत्यूचं वर्ष कमिशनच्या नोंदीशी जुळलं तर मजबूत दुवा मिळाला. प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाच्या वडिलांचा धंदा ‘लष्करी नोकरी’ असा लिहिलेला सापडतो.

या काळातले बरेच मराठी कागद मोडीत आहेत. घरात घडी घातलेलं वाचता न येणारं पत्र असेल तर टाकू नका. मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या, आणि त्याला आधीच ‘यात पणजोबांचं नाव आहे का’ असं विचारू नका. आधी त्यानं वाचून लिहून द्यावं.

चावडी किंवा जुन्या शाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आहे का तेही बघा. १९१४-१९१९ च्या युद्धात या गावातून इतके गेले आणि इतके कामी आले, अशा पाट्या लावल्या होत्या. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे मिलिटरीतून पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले. या पाट्यांवर आकडे असतात, नावं नसतात. पण गावातून दोघंच पडले आणि कमिशनच्या यादीत त्या गावचे दोघं सापडले, तर तुमचा शोध किती पक्का आहे ते लगेच कळतं.

१०. ताळा आणि जपणूक

आता वहीचे तिन्ही रकाने शेजारी ठेवा. पाच गोष्टी तपासा: नंबर आणि पलटण, नाव, वडिलांचं नाव, गाव आणि तालुका, मृत्यूचं किंवा परत आल्याचं वर्ष. पहिली गोष्ट आणि उरलेल्यांपैकी किमान दोन जुळल्या तर ‘जुळलं’ असं लिहा. फक्त नाव आणि जिल्हा जुळत असेल तर ‘शक्यता’ असं लिहा आणि तारीख टाका. साताऱ्यात त्या काळी एकाच पलटणीत एकाच नावाचे तीन-तीन शिपाई असत.

पाचही जुळून घरातली गोष्ट मात्र चुकीची निघते, असंही होतं. एका घरात सगळे सांगत होते की पणजोबा लढताना पडले. नोंद निघाली इस्पितळात आजारानं मृत्यू झाल्याची. ते ऐकून आजी बराच वेळ गप्प बसल्या, आणि मग म्हणाल्या, त्यांच्या सासूला ते ठाऊक असावं, कारण त्या नेहमी ‘पाणी मिळालं नाही तिकडं’ एवढंच म्हणायच्या. ते वाक्य आम्ही तिसऱ्या रकान्यात जसंच्या तसं लिहिलं.

पदक आम्लरहित कागदात किंवा स्वच्छ धुतलेल्या सुती कापडात ठेवा. प्लास्टिकची पिशवी नको, रबरबँड नको. तारा आणि चांदीचं पदक एकमेकांवर घासणार नाहीत असे वेगळे गुंडाळा. पेटीत एक चिठ्ठी ठेवा: नंबर, हुद्दा, पदकावरचं नाव, घरातलं नाव, पलटण, गाव, तालुका, आणि हे सगळं कुठल्या कागदावरून कळलं. चिठ्ठी पेन्सिलनं लिहा. शाई ओलीत पसरते. ठशाची एक पट्टी त्याच पेटीत, दुसरी दुसऱ्या भावंडाच्या घरी.